सकाळचे थंड इंजिन: बोरगाव मेघे आणि वर्धा परिसरातील एका रिवाजाचा इतिहास

बोरगाव मेघे हे वर्धा शहराला लागून असलेले गाव असून सिंदी मेघे, पिपरी मेघे, सावंगी मेघे या गावांप्रमाणेच ते शहराच्या विस्तारात मिसळत गेले आहे, आणि शाळा, कचेरी, दवाखाना, बाजार किंवा रेल्वे स्थानक गाठण्यासाठी रोज सकाळी येथून दुचाक्या, मोटारी आणि ऑटोरिक्षा वर्ध्याकडे निघतात. मार्गशीर्ष-पौषातल्या गार सकाळी मात्र निघण्याआधी एक थांबा घेतला जातो. इंजिन चालू करून गाडी जागेवरच उभी ठेवली जाते, हलकी रेस दिली जाते, आणि इंजिनाचा फुटका आवाज एकसारखा झाला की मगच गिअर टाकला जातो. ‘गाडी गरम होऊ द्या’ हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की ते कोठून आले, केव्हा आले आणि आजच्या इंजिनाला ते कितपत लागू पडते, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. या लेखाचा विषय तेच प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न हवामानाचा आहे. वर्धा जिल्हा उन्हाळ्यासाठी ओळखला जातो, कारण मे महिन्यात येथील पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर सहज चढतो. हिवाळा त्या मानाने सौम्य आणि अल्पकाळाचा असून डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान बहुधा बारा-तेरा अंशांच्या आसपास राहते. उत्तरेकडून थंड वाऱ्यांची लाट आली तरच ते दहाच्या खाली उतरते. शेजारच्या नागपुरात ७ जानेवारी १९३७ रोजी ३.९ अंश आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश इतके नीचांकी तापमान नोंदले गेले. पूर्व विदर्भाच्या मैदानी भागात थंडीचा कडाका कोठवर जाऊ शकतो, हे या दोन नोंदींवरून समजते. इंजिनातले पाणी गोठेल किंवा बॅटरी निकामी होईल अशी ही थंडी नव्हे. म्हणून हा रिवाज केवळ हवामानातून जन्मला असे मानता येत नाही. तो यंत्रांबरोबर आला. एकामागून एक आलेल्या यंत्रांच्या प्रत्येक पिढीने त्याला वेगळे कारण पुरवले, आणि कारण बदलले किंवा संपले तरी सवय मात्र तशीच पुढच्या पिढीच्या हाती गेली.

या इतिहासाचा आरंभ मोटारीच्या कितीतरी आधी, वाफेच्या इंजिनापाशी होतो. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यापासून वेगळा झाला, १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहराची आखणी झाली, आणि लगेच पुढच्या वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग येथून पुढे नागपूरपर्यंत पोचला. रेल्वे आली ती प्रामुख्याने कापसासाठी, कारण हिंगणघाटच्या कापसाला त्या काळी दूरच्या बाजारातही नाव होते; रुळांच्या आधाराने हिंगणघाट, पुलगाव, वर्धा आणि आर्वी या ठिकाणी सरकी काढणारे जीन आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. या कारखान्यांचा हंगाम कापूस घरी येऊ लागला की सुरू होई आणि सारा हिवाळा चाले, म्हणजे जिल्ह्यातील सर्वांत गार सकाळी आणि यंत्रांच्या सर्वांत मोठ्या कामाचे दिवस एकाच वेळी येत.

वाफेचे इंजिन क्षणात सुरू होत नाही. बॉयलर म्हणजे पाण्याची वाफ करणारी लोखंडी टाकी. तिच्याखाली विस्तव पेटवल्यापासून कामापुरता दाब तयार होईपर्यंत कित्येक तास जातात, आणि ही उष्णता सावकाश द्यावी लागते, कारण जाड पत्रा एका बाजूने एकदम तापला तर तो असमान फुगून सांध्यांवर ताण येतो. दाब आल्यावरही वाफ थेट सिलिंडरमध्ये सोडता येत नाही. सिलिंडर म्हणजे ज्या नळकांड्यात दट्ट्या मागेपुढे सरकतो तो भाग, आणि तो गार असेल तर आत शिरलेल्या वाफेचे पाणी होते. पाणी दाबले जात नसल्यामुळे दट्ट्याच्या धक्क्याने नळकांड्याचे झाकण फुटण्याचा धोका असे, म्हणून तळाच्या तोट्या उघडून थोडी थोडी वाफ आत सोडत, पाणी काढून टाकत सिलिंडर आधी गरम केला जाई. रेल्वेचा फायरमन असो वा जीनमधला बॉयलरवाला, तो ड्रायव्हर आणि मजुरांच्या आधी कामावर हजर होई. यंत्राला जागे करायला वेळ लागतो आणि तो वेळ दिला नाही तर यंत्र मोडते, ही जाणीव या परिसरातील कामगारांच्या हाताला प्रथम येथे झाली.

तेलावर चालणारी स्थिर इंजिने आल्यावर या जाणिवेला नवे रूप मिळाले. इंग्लंडमधील हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्ट यांनी १८९० च्या सुमारास तयार केलेल्या इंजिनाला माथ्यावर लोखंडाचा एक पोकळ गोळा असे. रॉकेलच्या, स्टोव्हसारख्या दाबावर जळणाऱ्या दिव्याची ज्योत या गोळ्यावर धरून तो काही मिनिटे चांगला तापवला जाई, मग जड चाक हाताने फिरवले की गोळ्याच्या उष्णतेने तेलाची वाफ होऊन ती पेट घेई, आणि एकदा इंजिन चालू लागले की स्वतःच्या ज्वलनावरच गोळा गरम राही. या जातीची इंजिने भारतात पिठाच्या चक्क्यांपासून लहान कारखान्यांपर्यंत पोचली. त्यांच्या बाबतीत ‘गरम करणे’ हा खबरदारीचा उपाय नव्हता, तर इंजिन सुरू होण्याची अटच होती, आणि ती जानेवारीइतकीच मे महिन्यातही पाळावी लागे. पुढे रुडॉल्फ डिझेल यांच्या तत्त्वावर चालणारी इंजिने स्वस्त झाली. पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कारखान्यांतून ती विहिरींवर बसली, तेव्हा दिव्याची गरज संपली, तरी सकाळी हँडल मारताना आधी दाब मोकळा करणारी कळ उचलायची, चाकाला वेग द्यायचा आणि मगच कळ सोडायची, ही क्रमवार रीत शेतकऱ्यांना शिकावी लागली.

मोटारगाडी या परिसरात आली ती सरकारी अधिकारी आणि व्यापारी यांच्या मार्गे. फोर्ड कंपनीची १९०८ पासून १९२७ पर्यंत तयार झालेली मॉडेल टी ही त्या काळची जगातील सर्वांत परिचित गाडी होती, आणि थंड सकाळी ती सुरू करणे हे कष्टाचे व काहीसे धोक्याचे काम होते. इंजिनातले तेल घट्ट झाले की हँडल जड होई, ठिणगीची वेळ चुकली तर हँडल उलटे फिरून मनगट मोडे, आणि गिअरच्या पट्ट्यांमधल्या दाट तेलामुळे चालू झालेली गाडी आपोआप पुढे सरकू लागे, म्हणून थंड प्रदेशांतले मालक मागचे एक चाक जॅकवर उचलून मग हँडल मारीत. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसला आणि हँडलची सक्ती हळूहळू संपत गेली. ‘सेल्फ मारणे’ हा मराठीत रुळलेला शब्दप्रयोग त्याच सेल्फ-स्टार्टरवरून आला आहे.

वर्ध्याच्या मोटारीच्या इतिहासात एक वेगळे पानही आहे. जमनालाल बजाज यांच्यामुळे वर्धा हे राष्ट्रीय चळवळीचे केंद्र झाले, १९३६ मध्ये महात्मा गांधी शेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, राहावयास गेले, आणि याच काळात फोर्ड गाडीला बैल जुंपून केलेले एक वाहन वर्ध्यात वापरात होते. इंग्रजीत बैलाला ‘ऑक्स’ म्हणतात, त्यावरून त्याला ‘ऑक्सफर्ड’ असे नाव पडले. ग्रामोद्योगाचा विचार मांडणाऱ्या या नगरीने यंत्राचा सांगाडा ठेवून त्याचे इंधन बदलले, ही गोष्ट मौजेपेक्षा अधिक अर्थपूर्ण आहे, कारण काही वर्षांतच साऱ्या देशाला तोच प्रश्न सोडवावा लागला. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४१ मध्ये भारतात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि अनेक बसगाड्यांना मागे लोणारी कोळशाच्या भट्ट्या बसवल्या गेल्या. अपुऱ्या हवेत कोळसा जाळला की जळू शकणारा वायू तयार होतो आणि तो गाळून इंजिनात सोडता येतो, हे त्यामागचे तत्त्व होते. परंतु त्यासाठी ड्रायव्हर किंवा क्लीनरला गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी भट्टी पेटवून, हाताने पंखा फिरवून, वायू नीट येईपर्यंत वाट पाहावी लागे. बॉयलरच्या काळातली विस्तवाची राखण अशा रीतीने युद्धकाळापुरती मोटारीवर परतली.

स्वातंत्र्यानंतर रस्त्यावर डिझेलचे राज्य आले. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी सहकार्य करून जमशेदपुरात ट्रक बांधण्यास आरंभ केला, आणि त्यांची इंजिने पुढे सामानाच्या ट्रकांबरोबर प्रवासी बसगाड्यांनाही लागली. विदर्भ त्या वेळी मध्यप्रदेशात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तेथील प्रांतिक परिवहन सेवा मुंबई राज्याच्या परिवहन महामंडळात विलीन झाली आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर ती आजच्या एसटीचा भाग बनली. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा इतकी दाबतो की ती शेकडो अंश तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. सिलिंडरच्या भिंती गार असतील तर दाबलेल्या हवेची उष्णता त्या शोषून घेतात, डिझेल अर्धवट जळते, पांढरा धूर निघतो आणि इंजिन खडखडते. मुख्य सिलिंडरच्या आधी लहानशी ज्वलनकोठी असलेल्या जुन्या इंजिनांत उष्णता शोषणारा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे हा त्रास अधिक होता, म्हणून त्यांत विजेने लाल होणारी तार, म्हणजेच मिस्त्र्यांच्या भाषेतला ‘हीटर प्लग’, बसवलेली असे. आधी हीटर द्यायचा, थोडे थांबायचे आणि मग सेल्फ मारायचा, असा तिचा क्रम होता. डिझेल स्वतः या थंडीत फारसे अडत नाही. भारतीय मानकाने डिझेलचा प्रवाहबिंदू, म्हणजे ज्या तापमानापर्यंत ते वाहते राहते ती मर्यादा, हिवाळ्यात जास्तीत जास्त ३ अंश आणि उन्हाळ्यात १५ अंश अशी ठरवलेली असून वर्ध्याची नेहमीची सकाळ त्या मर्यादेच्या पुष्कळ वर असते.

डेपोत पहाटे इंजिने घरघरत ठेवण्यामागे तापमानाशी संबंध नसलेले एक कारणही होते आणि ते विसरले जाते. हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असलेल्या बस व ट्रकमध्ये टाकीत पुरेशी हवा भरेपर्यंत गाडी हलवणे धोक्याचे असते, रात्रभरात ती हवा सांध्यांतून निसटते, आणि ती पुन्हा भरण्यासाठी इंजिन चालू ठेवण्याखेरीज उपाय नसतो. बाहेरून पाहणाऱ्याला ड्रायव्हर इंजिन गरम करतो आहे असे वाटते, प्रत्यक्षात तो दाबमापकाच्या काट्याकडे पाहत हवा भरण्याची वाट पाहत असतो. एकाच कृतीची कारणे अनेक असतात आणि अनुकरण करणारा त्यांतले एकच उचलतो, हे या रिवाजाच्या प्रसाराचे महत्त्वाचे लक्षण आहे.

सर्वसामान्य घरात इंजिन शिरले ते स्कूटरच्या रूपाने, आणि त्या कथेचा एक धागा वर्ध्याशी जुळतो. जमनालाल बजाज ज्या वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांच्या घरी दत्तक आले, त्यांचेच नाव १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनला होते. हीच कंपनी पुढे बजाज ऑटो झाली, तिने आधी आयात गाड्या विकल्या, नंतर परवान्याने व्हेस्पा स्कूटर तयार केली आणि १९७२ मध्ये चेतक बाजारात आणली. तिच्या दोन फेऱ्यांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक, इंजिनात पेट्रोलबरोबरच वंगणाचे तेल मिसळावे लागे, आणि रात्रभर उभ्या राहिलेल्या स्कूटरच्या कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भांड्यात, सकाळी ते मिश्रण नीट होत नसे. त्यामुळे चोक ओढणे, स्कूटर एका बाजूला कलती करणे, चार-सहा किक मारणे आणि मग निळसर धुरात ती ‘लाइनवर’ येईपर्यंत थांबणे, हा गावोगावच्या अंगणातला सकाळचा परिचित देखावा झाला.

चोकचे कार्य समजून घेतल्याशिवाय या रिवाजाचा गाभा समजत नाही. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. थंड नळीत त्याचा बराच अंश भिंतींवर थेंबांच्या रूपाने चिकटतो आणि सिलिंडरपर्यंत पोचणारे मिश्रण विरळ होते. एरवी पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. चोक ही हवेची वाट अडवणारी झडप असून ती ओढली की पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि वाफ थोडी झाली तरी ठिणगीला जाळण्यापुरती मिळते. अँबेसेडर, फिएट आणि तिचीच पुढची आवृत्ती असलेली पद्मिनी, महिंद्रांची जीप, तसेच १४ डिसेंबर १९८३ रोजी आलेली मारुती ८०० या साऱ्यांच्या कार्ब्युरेटरवाल्या इंजिनांना हेच शास्त्र लागू होते. इंजिन गार असताना चोक सोडला तर ते चौकात बंद पडे, आणि ओढलेलाच ठेवला तर प्लग काळे होत, म्हणून इंजिन तापेपर्यंत उभे राहणे हा त्या काळी समजूतदारपणाचा मध्यममार्ग होता.

दुसरे कारण वंगणाचे होते. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये तेलाच्या दाटपणाला क्रमांक दिले. त्यांपैकी ४० क्रमांकाचे एकेरी तेल १०० अंशांवर जितके वाहते, त्याच्या मानाने ४० अंशांवर ते सुमारे नऊ-दहा पट दाट असते आणि दहा अंशांच्या सकाळी आणखी कितीतरी घट्ट होते. असे तेल तळाच्या भांड्यातून वरच्या झडपांपर्यंत चढायला वेळ लागे आणि तोवर धातूवर धातू घासला जाई. भारतात पुढे सर्वत्र पसरलेल्या ‘२०डब्ल्यू-४०’ यांसारख्या बहुश्रेणी तेलांनी हे अंतर कमी केले. त्या नावातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा निदर्शक असून तेल थंडीत कसे वाहील ते त्यावरून कळते. तिसरे कारण धातूंच्या प्रसरणाचे आहे. ॲल्युमिनियमचा दट्ट्या बिडाच्या सिलिंडरपेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतो, म्हणून गार असताना त्यांच्यात मुद्दाम ठेवलेली फट मोठी असते आणि इंजिन तापल्यावरच ती योग्य मापाची होते. गार इंजिनावर जोर देऊ नये हा जुन्या मिस्त्र्यांचा सल्ला या फटीमुळे पूर्णपणे खरा होता आणि आजही खरा आहे.

नव्वदच्या दशकापासून यंत्र बदलले. महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक भांडे आणि शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले, त्यानंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसे कार्ब्युरेटरची जागा इंधन फवारणीच्या यंत्रणेने घेतली, आणि १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहा ही मानके लागू झाल्यावर दुचाक्यांतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ निघून गेला. या यंत्रणेत इंजिनाच्या पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान संवेदक मोजतात आणि किती इंधन फवारायचे ते संगणक ठरवतो. पूर्वी चालकाच्या बोटांत असलेला चोक आता यंत्राच्या आत गेला आहे. त्यामुळे उभे राहून इंजिन तापवण्याचे मुख्य कारण संपले, आणि त्याचे तोटे मात्र शिल्लक राहिले. उभे इंजिन थोडे इंधन जाळते, म्हणून ते सावकाश तापते. तितका वेळ मिश्रण दाट राहते, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन तळाच्या तेलात मिसळते, आणि सुमारे अडीचशे ते तीनशे अंशांवरच काम करू लागणारे उत्प्रेरक भांडे गार राहिल्याने धूर शुद्ध न होता अंगणातच पसरतो. हळू चालणारी गाडी मात्र इंजिनाबरोबर गिअरपेटी, चाकांचे बेअरिंग आणि टायर यांनाही एकाच वेळी उबदार करते.

ज्या देशांत थंडी खरोखर यंत्राला अडवते, तेथील वाट याहून वेगळी आहे. नॉर्थ डकोटातील अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४९ मध्ये इंजिनातच बसणाऱ्या विजेच्या तापकाचे पेटंट घेतले, आणि कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही उणे वीस-तीस अंशांच्या रात्री गाडीची तार भिंतीतल्या सॉकेटला जोडून ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते. त्याच कॅनडातील टोरांटो शहराने १९९६ मध्ये उभ्या गाडीचे इंजिन विनाकारण चालू ठेवण्यावर निर्बंध आणले, आणि जर्मनीच्या वाहतूक नियमांतही तशी मनाई आहे. ज्यांना थंडीची झळ सर्वाधिक लागते त्यांनीच उभ्या इंजिनाचा रिवाज मर्यादित केला, हे वर्ध्याच्या बारा अंशांच्या सकाळसंबंधी विचार करताना ध्यानात घेण्यासारखे आहे.

तरीही हा रिवाज सर्वस्वी निरर्थक ठरला असे म्हणणे अन्यायाचे होईल. इंजिन सुरू केल्यावर तेल वरपर्यंत पोचण्यासाठी अर्धे मिनिट थांबणे, टर्बोचार्जर असलेल्या डिझेल गाडीत, म्हणजे धुराच्या वेगाने फिरणारा पंखा जिथे इंजिनात जादा हवा ढकलतो त्या गाडीत, लगेच रेस न देणे, कार्ब्युरेटरवाल्या जुन्या स्कूटरला चोक सुटेपर्यंत वेळ देणे आणि हवेच्या ब्रेकचा दाब पाहूनच बस हलवणे, या गोष्टींमागची कारणे आजही जिवंत आहेत. बोरगाव मेघेसारख्या गावाला लागू होणारी आणखी एक गोष्ट या चर्चेत सहसा येत नाही. तेथून वर्ध्याच्या बाजारापर्यंतचा प्रवास इतका छोटा आहे की इंजिनातले पाणी जेमतेम तापते आणि पाण्यामागून तापणारे तेल पुरते गरम होण्याआधीच गाडी थांबते. ज्वलनातून निर्माण झालेली पाण्याची वाफ आणि निसटलेले इंधन तेलातच साचत राहते. अशा गाडीला सकाळी पाच मिनिटे उभे ठेवल्याने फायदा होत नाही. आठवड्यातून एकदा लांबचा प्रवास आणि किलोमीटर भरण्याची वाट न पाहता कालमानाने तेल बदलणे, याने होतो.

ज्या कुटुंबाच्या नावाने वर्ध्याचा आणि स्कूटरचा संबंध जोडला गेला, त्याच कुटुंबाच्या कंपनीची विजेवर चालणारी चेतक जानेवारी २०२० मध्ये विक्रीस आली. तिच्यात चोक नाही, किक नाही, तापवण्यासारखे तेल नाही; तिच्या बॅटरीला वर्ध्याच्या पौषापेक्षा वैशाखाची काळजी अधिक आहे. बॉयलरखालचा विस्तव, गोळ्यावर धरलेली ज्योत, कोळशाची भट्टी, लाल झालेली तार आणि ओढलेला चोक अशा दीडशे वर्षांच्या वाटेने आलेला हा रिवाज त्या गाडीपाशी येऊन थांबतो. या वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यावर कोणा फायरमनने, मिस्त्रीने किंवा ड्रायव्हरने आपल्या यंत्राची प्रकृती ओळखून त्याला वेळ दिला होता; सवय उसनी घेता आली, तरी ती ओळख प्रत्येक पिढीला आपल्या यंत्रापुरती नव्याने करून घ्यावी लागते. गार सकाळी गाडीपाशी उभ्या असलेल्या माणसाने किती वेळ थांबायचे, याचे उत्तर त्या ओळखीतूनच मिळते.